दुष्काळातही टिकणारा शहराचा पाणी आराखडा: क्रम, हिशेब आणि नेहमीच्या चुका

नगरपरिषद आणि महापालिकांच्या पाणीपुरवठा विभागांत काम करणाऱ्यांसाठी हा लेख आहे. सभागृहात त्यांना प्रश्न विचारणाऱ्या नगरसेवकांना आणि नागरिकांनाही त्याचा उपयोग होईल. आकडे मुख्यतः मराठवाडा, सोलापूर, अहिल्यानगर अशा पर्जन्यछायेच्या पट्ट्यातली शहरं डोळ्यांपुढे ठेवून घेतले आहेत.

आराखडे बहुतेक ठिकाणी होतात, पण उलट्या क्रमाने. आधी नव्या जलवाहिनीचा प्रस्ताव तयार होतो, मग त्याला शोभेल अशी मागणी मांडली जाते, आणि पाणी नेमकं कोणत्या तारखेला संपेल हा प्रश्न फेब्रुवारीपर्यंत कोणी विचारत नाही. तोवर निम्मं पाणी वापरून झालेलं असतं. म्हणून पुढचे टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्या. प्रत्येक टप्प्याचा आकडा पुढच्या टप्प्यात लागतो.

तयारी: सप्टेंबर संपण्याआधी टेबलावर काय हवं

- धरणाचा किंवा तलावाचा पातळीनुसार साठा आणि जलपृष्ठाचं क्षेत्र दाखवणारा तक्ता. शेवटचं गाळ सर्वेक्षण कोणत्या वर्षी झालं ते त्यावर लिहून घ्या.
- जॅकवेलचा (धरणातलं पाणी पंपाने उचलण्यासाठी बांधलेल्या विहिरीचा) छेदनकाशा: प्रत्येक गेटची उंबरठा पातळी, पंपाच्या तोंडाची पातळी, आत पाणी आणणाऱ्या चराची तळपातळी. सगळ्या पातळ्या धरणाच्या पातळ्या ज्या संदर्भाने मोजतात त्याच संदर्भाने घ्या.
- जलसंपदा विभागाशी झालेला करार, मंजूर आरक्षण आणि थकबाकीची स्थिती.
- गेल्या तीन वर्षांची पंपांची रोजची नोंदवही आणि वीजबिलं.
- शहरातल्या सर्व सार्वजनिक विहिरी आणि विंधन विहिरींची यादी, मे महिन्यातल्या क्षमतेसह.

दोन वेगवेगळ्या संदर्भांच्या पातळ्या एकत्र करणं ही इथली सर्वांत महागात पडणारी चूक आहे. जॅकवेलचा जुना नकाशा स्थानिक खुणेवरून काढलेला असतो, धरणाची पातळी समुद्रसपाटीपासून मोजलेली असते, आणि दोन्हींत अर्ध्या मीटरचा फरक राहतो. उथळ तलावात अर्धा मीटर म्हणजे काही आठवड्यांचं पाणी. लेव्हल मशिन लावून एकदाच प्रत्यक्ष पडताळा घ्या आणि जॅकवेलच्या भिंतीवर रंगाने पातळ्या लिहून ठेवा.

टप्पा १: गरज मोजा, पण नळापासून मागे

नळयोजना आणि भुयारी गटार दोन्ही असलेल्या शहरासाठी माणशी रोज १३५ लिटर, महानगरासाठी १५० लिटर, आणि गटार योजना नसलेल्या शहरासाठी ७० लिटर हे प्रचलित निकष आहेत. त्यांत गळती धरलेली नाही. गळती १५ टक्क्यांच्या आत असावी अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात ती किती आहे हे बहुतेक शहरांना ठाऊक नसतं, कारण मीटरच नसतात.

एक उदाहरण शेवटपर्यंत सोबत ठेवू. वस्ती २ लाख, निकष १३५ लिटर. नळाला हवं रोज २.७ कोटी लिटर, म्हणजे २७ एमएलडी (दशलक्ष लिटर रोज). गळती ३५ टक्के. उचलायचं किती?

इथे बहुतेक जण २७ मध्ये ३५ टक्के मिळवतात आणि ३६.५ लिहितात. ते चूक आहे. गळती उचललेल्या पाण्याच्या ३५ टक्के आहे, नळाला पोचलेल्या पाण्याच्या नाही. म्हणून २७ ला ०.६५ ने भागायचं: ४१.५ एमएलडी. पाच एमएलडीची ही चूक पुढे पंप, वाहिनी, आरक्षण सगळ्यांत उतरते. गळती २० टक्क्यांवर आणली तर तेवढ्याच नळांना ३३.८ एमएलडी पुरतं.

शाळा, दवाखाने, बसस्थानक, वसतिगृहं आणि शिकवणीसाठी येणारी मुलं वेगळी मोजा. लातूरसारख्या शिक्षणाच्या शहरात जनगणनेची वस्ती आणि जूनमधली वस्ती यांत मोठा फरक पडतो.

टप्पा २: साठ्याचा खरा हिशेब

टक्केवारी बाजूला ठेवा. वर्तमानपत्रातली टक्केवारी उपयुक्त साठ्याची असते आणि तो कालव्याच्या विमोचकाच्या (पाणी सोडण्याच्या दाराच्या) पातळीवरून ठरतो. त्याखालचा मृतसाठा कालव्यासाठी मृत असतो, जॅकवेलसाठी असेलच असं नाही. जायकवाडीत सुमारे २६ टीएमसी (अब्ज घनफूट) मृतसाठा आहे, उजनीत ६३ टीएमसीहून जास्त. म्हणूनच उजनी उणे टक्क्यांत गेल्यावरही पाणी उचललं जातं. उलट बाजूही तितकीच खरी: जॅकवेलचं खालचं गेट वर असेल तर धरणात दहा टक्के उपयुक्त साठा दिसत असताना शहराचे पंप बंद पडू शकतात.

तुमच्या शहराचा साठा म्हणजे आजची पातळी आणि तुमचा पंप जिथे सुरक्षित चालू शकतो ती पातळी यांमधलं पाणी. ही खालची पातळी गेटच्या उंबरठ्याला धरू नका. पंपाच्या तोंडावर उत्पादकाने सांगितलेली किमान बुडी हवीच. ती कमी झाली की तोंडाशी भोवरा पडतो, पंप हवा ओढतो, अँपिअरचा काटा थरथरू लागतो आणि आत खडी फिरावी तसा आवाज येतो. असा पंप काही दिवसांत इंपेलर (पाणी ढकलणारं आतलं चक्र) खाऊन घेतो, आणि तोही नेमका मे महिन्यात.

मग वजा करायच्या चार गोष्टी:

१. गाळ. तक्ता धरण बांधलं तेव्हाचा असेल तर तळाचा साठा कागदावरच आहे. नाशिकची महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था धरणांची गाळ सर्वेक्षणं करते. अहवाल आहे का ते विचारा. छोट्या तलावाचं काम बोट, दोरी आणि ध्वनिमापकाने शहरालाही करून घेता येतं.

२. बाष्पीभवन. एक चौरस किलोमीटर जलपृष्ठावरून १० मिलिमीटर पाणी उडालं तर तो एक कोटी लिटरचा तोटा आहे. मराठवाड्यात मे महिन्यात एका दिवसाला याच्या आसपास पाणी जातं, आणि पसरट उथळ तलावात शहराच्या उपशाच्या तोडीचं जातं.

३. इतरांचा उपसा: फुगवट्याच्या (धरणामागे साठलेल्या पाण्याच्या) काठावरचे शेतीपंप, औद्योगिक वसाहत, खालच्या गावांच्या योजना.

४. वाटेतला तोटा, पाणी नदीतून किंवा कालव्यातून येत असेल तर. सोलापूरसाठी उजनीतून भीमेच्या पात्रात पाणी सोडून औज बंधारा भरून घेत आले आहेत. अशा व्यवस्थेत शहराच्या वाट्याला येणारं पाणी सोडलेल्या पाण्याचा लहानसा भाग असतो. वाळू, कोरडं पात्र आणि काठावरचे पंप बाकीचं घेतात. हिशेब सोडलेल्या पाण्यावर करू नका, बंधाऱ्यात पोचलेल्या पाण्यावर करा.

एककांचा गोंधळ टाळायला एवढं पुरे: १ दलघमी (दशलक्ष घनमीटर) म्हणजे १०० कोटी लिटर, म्हणजे १ एमएलडी उपसा १,००० दिवस. १ टीएमसी म्हणजे २८.३ दलघमी.

तपासणी: साठ्याचा अंतिम आकडा काढल्यावर गेल्या दोन वर्षांतल्या एखाद्या कोरड्या महिन्यावर तो चालवून पाहा. १ फेब्रुवारीची पातळी घ्या, महिनाभराचा उपसा आणि बाष्पीभवन वजा करा, १ मार्चच्या पातळीशी ताडा. जुळत नसेल तर कुठेतरी मोजलं न गेलेलं पाणी जातंय. ते सापडेपर्यंत पुढे जाऊ नका.

टप्पा ३: पाणी संपण्याची तारीख काढा

राज्यात पाणीवाटपाचं गणित १५ ऑक्टोबरच्या साठ्यावर बसतं. त्याच दिवशी आपलंही बसवा, पण शेवट जूनमध्ये धरू नका. जूनचा पाऊस जमिनीत मुरतो. मराठवाड्यातल्या धरणांत येवा (वाहून येणारं पाणी) सुरू व्हायला ऑगस्ट किंवा सप्टेंबरही उजाडतो. म्हणून ३१ ऑगस्टपर्यंतचे ३२० दिवस धरा.

उदाहरणातल्या शहराकडे १५ ऑक्टोबरला पंपाला मिळू शकणारा साठा १२ दलघमी आहे. सरासरी जलपृष्ठ ३ चौरस किलोमीटर, बाष्पीभवन रोज सरासरी ४.५ मिलिमीटर, म्हणजे १३.५ एमएलडी. सोय म्हणून हे दोन्ही आकडे वर्षभर स्थिर धरले आहेत. तुम्ही महिनावार तक्ता करा.

- बाष्पीभवन विसरलं, उपसा ४१.५: साठा ३१ जुलैला संपतो. कागदावर सगळं ठीक दिसतं.
- बाष्पीभवन धरलं: २१ मे.
- गळती २० टक्क्यांवर आणली, पुरवठा १३५ लिटरच: २६ जून.
- गळती ३५ टक्केच, पण १५ ऑक्टोबरपासून माणशी १०० लिटर: १३ जुलै.
- तीच कपात १ जानेवारीपासून: २४ जून.
- तीच कपात १ मार्चपासून: १० जून.
- गळती २० टक्के आणि ऑक्टोबरपासून १०० लिटर, दोन्ही एकदम: २३ ऑगस्ट.

ही यादी सभागृहात मोठ्या अक्षरांत लावावी. ऑक्टोबरमधल्या कपातीने जे ५३ दिवस मिळतात, त्यांतले मार्चमध्ये सुरुवात केल्यास २० उरतात. लोकांना ऑक्टोबरमध्ये १०० लिटरवर राहणं जमतं. मार्चमध्ये उशीर झाला म्हणून थेट ४० लिटरवर आणावं लागतं, आणि त्याचा भार सगळ्यांत आधी साठवणूक नसलेल्या घरांवर पडतो.

दर महिन्याच्या १ आणि १५ तारखेला हा हिशेब नव्याने करा आणि आलेली तारीख जाहीर करा. टक्के सांगितले तर कुणाला काही कळत नाही. तारीख सगळ्यांना कळते.

टप्पा ४: गळती, नव्या स्रोताच्या आधी

उदाहरणात गळती ३५ वरून २० वर आणल्याने रोज ७.७ एमएलडी वाचतं, वर्षाला २.८ दलघमी. एवढं पाणी देणारा दुसरा स्रोत इतक्या जवळ सहसा नसतो. काम या क्रमाने करा:

१. मोठे प्रवाहमापक: जॅकवेल, शुद्धीकरण केंद्राच्या आधी आणि नंतर, प्रत्येक जलकुंभाची आवक आणि जावक. मापकाच्या आधी आणि नंतर उत्पादकाने सांगितलेली सरळ पाइपलांबी सोडा. बेंड किंवा व्हॉल्व्हला चिकटून बसवलेला मापक खोटं सांगतो. पाइप अर्धा भरून वाहत असेल तरीही तेच.

२. मुख्य वाहिनी. एअर व्हॉल्व्हवर (वाहिनीतली हवा सोडणाऱ्या झडपेवर) टाकलेल्या जोडण्या, गळके सांधे, वाहिनीकडेला उन्हाळ्यातही हिरवी राहिलेली पट्टी. एका फेरीत पायी चालून नोंद होते.

३. जलकुंभ. रात्री भरून जावक व्हॉल्व्ह बंद करा आणि पहाटे पातळी पाहा. १० मीटर व्यासाच्या टाकीत १० सेंटिमीटर उतरलं तर ७,८५० लिटर गेलं, टाकीतून तरी किंवा बंद न होणाऱ्या व्हॉल्व्हमधून तरी. टाकी ओसंडून वाहणं वेगळं नोंदवा.

४. घरजोडण्या. गळतीच्या जागा संख्येने सर्वाधिक इथेच सापडतात: फेरूल (मुख्य वाहिनीला घरजोडणी जोडणारा तुकडा), गटारातून गेलेला जुना जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप, तोटी नसलेला नळ. ५ मिलिमीटरच्या छिद्रातून ३० मीटर दाबाला दिवसभरात सुमारे २५,००० लिटर पाणी जातं.

सावध: मीटर लावून दर महिन्याला वाचन होणार नसेल तर मीटरखरेदी करू नका. कराडजवळच्या मलकापूरने मीटरवर चोवीस तास पाणी दिलं, त्यामागे वाचन आणि वापराबरोबर वाढणारा टप्प्यांचा दर यांची शिस्त आहे. नुसत्या मीटरने पाणी वाचत नाही.

टप्पा ५: दुसरा स्रोत निवडताना

एकच कसोटी लावा: पहिला स्रोत आटतो त्या वर्षी हा टिकतो का? २०१९ मध्ये चेन्नईची पूंडी, चोळावरम, पुळल आणि चेंबरमबाक्कम ही चारही जलाशयं एकदम तळाला गेली, कारण चारही एकाच पावसावर भरतात. २०१६ मध्ये मांजरा आणि निम्न तेरणा ही दोन्ही धरणं कोरडी पडली. तेरणा मांजरेचीच उपनदी आहे. कागदावर दोन स्रोत होते, दुष्काळात एकही उरला नाही.

पिण्याच्या योजनेसाठी ९५ टक्के विश्वासार्हतेचं (शंभरपैकी ९५ वर्षं मिळेल असं) पाणी धरायचं असतं. सिंचनाचे प्रकल्प साधारण ७५ टक्क्यांवर आखलेले असतात, अवर्षणप्रवण भागात ५० वरही. म्हणून सिंचन धरणातलं आरक्षण मिळालं म्हणजे ९५ टक्क्यांची हमी मिळाली, असं होत नाही. येव्याची वर्षवार आकडेवारी मागा आणि २०१४-१५ व २०१५-१६ ही लागोपाठची दोन वर्षं तुमच्या आराखड्यावर चालवून पाहा: दुसऱ्या वर्षाची सुरुवात पहिल्या वर्षाच्या उरलेल्या साठ्याने करा. एका वाईट वर्षाला टिकणारे आराखडे पुष्कळ असतात. कस दुसऱ्या वर्षी लागतो.

भूजल. दख्खनच्या बेसॉल्टमध्ये पाणी थोडं मावतं आणि लवकर संपतं. सरकारी नोंदीतली क्षमता बहुधा विहीर खोदली त्या दिवशीची असते. मे महिन्यात पंप आठ तास सलग चालवून शेवटच्या तासात २०० लिटरचा बॅरल किती सेकंदांत भरतो ते मोजा. १०० सेकंद लागले तर सेकंदाला २ लिटर, आठ तासांत ५७,६०० लिटर. मग पंप बंद करून पातळी पूर्ववत व्हायला किती वेळ लागतो तेही लिहा. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पातळी वर आली नाही तर ती विहीर रोजच्या भरवशाची नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडून जागा पाहून घेतल्याशिवाय नवीन विंधन विहीर घेऊ नका. शेजारच्या चालू विहिरीचंच पाणी ओढलं जातं.

सांडपाणी. शहराला दिलेल्या पाण्यापैकी सुमारे ८० टक्के सांडपाणी होऊन परत येतं, आणि दुष्काळातही ते चालू असतं. ते पिण्यासाठी नको. उद्योग, बांधकाम, उद्यानं, रस्त्याकडेची झाडं यांना द्या आणि त्यांचं धरणातलं पाणी पिण्यासाठी सोडवून घ्या. नागपूरचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला जातं, ते याच विचाराने. अदलाबदल लेखी करारात हवी. नाहीतर उद्योग दोन्ही पाणी घेतो.

मृतसाठा. तरंगते पंप, लवचिक पाइप, चर खोल करणं, जास्तीच्या उंचीसाठी वेगळे पंप, तिथवर वीज. हे काम दोन महिन्यांचं आहे. साठा तळाला गेल्यावर निविदा काढली तर पंप पावसात पोचतात.

पुढच्या वर्षांसाठी क्षमता ठरवताना पंप आणि शुद्धीकरण यंत्रणा १५ वर्षांच्या, तर वाहिनी आणि जॅकवेलचं बांधकाम ३० वर्षांच्या गरजेवर धरतात. जॅकवेलच्या तळाची पातळी मात्र वस्तीवरून ठरवू नका. ती धरणाच्या सर्वांत खालच्या मिळू शकणाऱ्या पाण्यावरून ठरवा. नंतर जॅकवेल खोल करता येत नाही.

टप्पा ६: टप्पे आधी ठरवा, ठराव आधी करा

हिशेबातून आलेल्या तारखेवर चार पायऱ्या:

- ३१ ऑगस्टनंतर: नेहमीचा पुरवठा, गळतीचं काम चालू.
- १५ जुलै ते ३१ ऑगस्ट: माणशी १०० लिटर. बांधकामाला, गाड्या धुण्याच्या केंद्रांना नळाचं पाणी बंद.
- १ जून ते १४ जुलै: माणशी ७० लिटर. मृतसाठ्याच्या पंपांचा कार्यादेश, खाजगी विहिरींच्या अधिग्रहणाचे प्रस्ताव जिल्हाधिकाऱ्यांकडे.
- १ जूनच्या आत: माणशी ४० ते ५० लिटर, टँकरची व्यवस्था सुरू.

उदाहरणातलं शहर ऑक्टोबरमध्येच शेवटच्या पायरीवर आहे. त्याने लगेच ४५ लिटरवर जायचं का? नाही. प्रत्येक पायरीवर पुरवठा तात्पुरता धरून हिशेब पुन्हा चालवा आणि तारीख ऑगस्टअखेर नेणारी सर्वांत सौम्य पायरी निवडा. ऑक्टोबरमध्ये ती ७० लिटर निघते, गळतीचं काम वेगाने झालं तर १०० च्या जवळ. मार्चमध्ये तोच प्रश्न सोडवताना ७० सुद्धा पुरत नाही.

सप्टेंबरच्या सर्वसाधारण सभेत एकच ठराव घ्या: अमुक तारीख आली की अमुक पायरी, अंमलबजावणी मुख्याधिकारी किंवा आयुक्त करतील, वेगळी सभा लागणार नाही. ही मंजुरी नसेल तर प्रत्येक कपात सभेत अडते. कोणालाही ती आपल्या तोंडून जाहीर करायची नसते. टँकर, पंप, पाइप यांचे दरकरारही ऑक्टोबरमध्येच करा. निवडणुकीची आचारसंहिता लागली की नव्या निविदा रखडतात. जिल्ह्याचा टंचाई आराखडा ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च, एप्रिल ते जून असा तीन भागांत होतो. शहराचे प्रस्ताव पहिल्या भागातच द्या.

फुगवट्यावरच्या शेतकऱ्यांना रब्बीच्या पेरणीआधी सांगा. पेरणी होऊ द्यायची आणि फेब्रुवारीत पंपांची वीज तोडायची, हा अन्याय आहे. त्यातून होणाऱ्या भांडणात पाणीही वाचत नाही. कालव्याला पाणी कधी आणि किती सोडायचं हे ठरवणाऱ्या कालवा सल्लागार समितीच्या बैठकीला शहराचा अभियंता लेखी हिशेब घेऊन हजर हवा.

टप्पा ७: कपात करताना दिवस किती आड?

दिवसाआड पाणी म्हणजे निम्मी बचत, हा समज सोडा. लोक जास्त साठवतात आणि ताजं पाणी आलं की शिळं ओततात. शिवाय रिकाम्या वाहिनीत बाहेरचं घाण पाणी शिरतं. अंतर ठरवताना सर्वांत कमी साठवणूक असलेलं घर धरा. पाच माणसांच्या पत्र्याच्या घरात २०० लिटरचे दोन पिंप असतील तर ४०० लिटर, ४० लिटरच्या हिशेबाने दोन दिवस. त्या वस्तीला पाच दिवसांआड पाणी देणं म्हणजे तीन दिवस न देणं. तिथे आधी सामायिक टाक्या ठेवा, मग अंतर वाढवा.

- अंतर वाढवलं की प्रत्येक पाळीची वेळ त्याच प्रमाणात वाढवू नका. जलकुंभाच्या मापकावर लिटर ठरवून व्हॉल्व्ह बंद करा.
- शेपटाकडच्या भागाला आधी पाणी द्या. वरच्या भागातल्या थेट मोटारी दाब खाऊन टाकतात.
- आठवड्यातून एक दिवस पिंपं रिकामी करून घासायला सांगा. डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच वाढतो.

टप्पा ८: टँकर हा शेवटचा आधार, त्याचंही गणित

२ लाख वस्तीला फक्त पिण्या-स्वयंपाकाचे माणशी २० लिटर द्यायचे तर रोज ४० लाख लिटर, १०,००० लिटरच्या ४०० खेपा. एका टँकरच्या दिवसाला पाच खेपा धरल्या तर ८० टँकर. पण अडतं टँकरवर नाही, भरण्याच्या जागेवर. सेकंदाला १० लिटरने टँकर भरायला १७ मिनिटं, वळायला पाच. सोळा तासांत एका ठिकाणी सुमारे ४३ खेपा होतात, म्हणजे दहा भरणकेंद्रं आणि तिथे अखंड वीज हवी. एप्रिल २०१६ पासून मिरजेहून लातूरला जाणारी पन्नास वाघिणींची गाडी २५ लाख लिटर पाणी आणायची. २०११ ची पावणेचार लाखांवरची वस्ती धरली तरी माणशी साडेसहा लिटर. बाहेरून आणून शहर जगवता येतं ते एवढंच.

प्रत्येक टँकरला खेपेची चिठ्ठी, जीपीएस आणि उतरवण्याच्या ठिकाणी दोन रहिवाशांची सही. १०,००० लिटरला २५ टक्के क्लोरिनची ब्लीचिंग पावडर ८० ग्रॅम, बादलीत कालवून वरचं निवळ पाणी घाला, वाटपाआधी अर्धा तास जाऊ द्या.

टप्पा ९: तळाचं पाणी वेगळं असतं

साठा खाली गेला की गढूळपणा, शेवाळ, लोह आणि मँगनीज वाढतात. तुरटीचं पावसाळ्यातलं प्रमाण चालत नाही. जार टेस्ट (भांड्यांत वेगवेगळी मात्रा टाकून योग्य प्रमाण शोधणं) रोज करा. क्लोरिनची मागणीही वाढते. शेपटाच्या नळाला उर्वरित क्लोरिन लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम मिळतं का ते तिथेच तपासा, केंद्रात नाही. बंद पडलेली विंधन विहीर सुरू करताना लिटरमागे फ्लोराइड १ मिलिग्रॅम (पर्याय नसेल तर १.५), नायट्रेट ४५ आणि क्षार ५०० (पर्याय नसेल तर २,०००) या मर्यादा पाहा. फ्लोराइड जास्त निघालं तर त्या विहिरीवर लाल रंगाने "पिण्यासाठी नाही" लिहा आणि ते पाणी धुण्या-भांड्याला द्या.

पाऊस आल्यावर

पहिल्या मोठ्या पावसाने कपात उठवू नका. लागोपाठच्या दोन पंधरवड्यांच्या हिशेबात तारीख पुढच्या पायरीच्या पलीकडे गेली, तरच एक पायरी वर या. पाणी चढण्याआधीच्या त्या थोड्या दिवसांत जॅकवेलसमोरचा चर साफ करा, उघड्या पडलेल्या तळाच्या पातळ्या मोजा, गेटचे गंजलेले नट बदला. जलपृष्ठाच्या कडेला रोज एक खुंटी ठोकून पातळी लिहून ठेवली तर पुढच्या ऑक्टोबरसाठी तळाचा खरा तक्ता हाती येतो. तो बोटीच्या सर्वेक्षणापेक्षा स्वस्त असतो, आणि पाणी वर चढलं की तसा मोजता येत नाही.